उन्हात तयार होणारं विष

ओझोन कुठल्याच गाडीच्या धुरात नसतो. धुरातले नायट्रोजन ऑक्साइड आणि पेट्रोलची वाफ यांच्यावर कडक ऊन पडलं, की तो हवेतच तयार होतो. लॉस एंजेलिसच्या धुरक्याचं हे मूळ रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या सुमारास शोधलं. तिथल्या उपनगरांत दूध आणायलाही गाडीच काढावी लागते. समुद्रवारा हा सगळा धूर पूर्वेला, डोंगरपायथ्याच्या सॅन बर्नार्डिनोकडे ढकलतो. इतरांच्या गाड्यांचा ओझोन तिथल्या मुलांच्या छातीत जातो, हा उघड अन्याय आहे. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जास्त ओझोनच्या वस्त्यांमध्ये तीन किंवा अधिक खेळ खेळणाऱ्या मुलांना दम्याचा धोका न खेळणाऱ्यांच्या तिपटीहून जास्त आढळला. साध्या मास्कने हा वायू अडत नाही. तो दुपारी चढतो. मुलांचा सराव सकाळीच उरकावा.