छातीतली धडधड

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)

मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. वर्धापनदिनाला दरवर्षी माझी जागा आत, चहापोह्यांच्या पातेल्यापाशी. यंदा कार्यवाह बाईंनी आग्रहच धरला, "तुम्ही ज्यातून गेलात ते सांगा, चारचौघींच्या उपयोगी पडेल." म्हणून हे धाडस केले आहे. चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

२०२२ च्या दिवाळीत माझा थोरला भाऊ गेला. वय अवघे ४८. रात्री जेवणे झाल्यावर त्याची छाती आवळल्यासारखी झाली, घाम सुटला, डावा हात जड वाटू लागला. फराळाचे तळकट खाणे झाले होते, तेव्हा पित्तच असेल म्हणून दादाने सोडा घेतला. वहिनीने पाठ चोळली. सकाळी डॉक्टरांकडे जाऊ असे ठरले. ती सकाळ त्याला दिसली नाही.

पुढे महिनाभराने मी भांडी घाशीत होते, तो माझ्याच छातीत एकाएकी धडधडू लागले. बोटांना मुंग्या आल्या, तोंडाला कोरड पडली, श्वास पुरेना. मनात आले, दादा गेला, आता माझी पाळी. ह्यांनी रिक्षा करून दवाखान्यात नेले. छातीची पट्टी काढली, रक्त तपासले. सारे चांगले निघाले. डॉक्टर म्हणाले, "काही झालेले नाही, घरी जा."

ते ऐकून बरे वाटले, पण दोनच दिवस. मग पुन्हा तेच. वर्षभरात मी तीन दवाखाने केले आणि पाच वेळा पट्टी काढून घेतली. भाच्याने हौसेने मनगटावर बांधायचे ठोके मोजणारे घड्याळ दिले होते, ते मी दर पाच मिनिटांनी पाही. रात्री सगळे निजले की मोबाईलवर हृदयविकाराची माहिती वाचीत बसे. जिना चढणे सोडले. एकटीने बाजारात जाणे सोडले. मंडळाची सज्जनगडची सहल निघाली, तेव्हा मी पाहुणे येणार आहेत अशी थाप मारून घरी राहिले. आज सर्वांसमक्ष कबूल करते, पाहुणे कोणी आले नव्हते.

आणि ह्यांना दिवसातून दहादा विचारायचे, "मला काही होणार नाही ना हो?" बिचारे म्हणत, "नाही गं." तो धीर घटकाभर पुरे.

एके रात्री पाणी प्यायला उठले, तर माझी सहावीतली मुलगी अंथरुणात बसून मानेवर दोन बोटे ठेवून ठोके मोजीत होती. मी विचारले, "काय करतेस गं?" ती म्हणाली, "तू करतेस तेच. माझे नीट आहेत का बघ ना, आई." त्या रात्री मला झोप लागली नाही. भावाचे दुःख माझे होते; भीतीचा वारसा मी मुलीला देत होते.

दुसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंना सगळे सांगितले. त्यांनी पुन्हा पट्टी काढली नाही. आधीचे कागद पाहिले, रक्तदाब घेतला, रक्त कमी आहे का आणि थायरॉईड कसे आहे ते तपासले. कारण या दोहोंनीही धडधडते, आणि पाळी जाण्याच्या वयातही तसे होते. मग म्हणाल्या, "तुमचे हृदय चांगले आहे. आता मनाच्या डॉक्टरांना भेटा." मला रागच आला. मला काय वेड लागले आहे? पण मुलीची ती दोन बोटे डोळ्यांपुढे आली आणि गेले.

तिथे जे समजले ते माझ्या शब्दांत सांगते. माणूस घाबरला की शरीर पळायच्या तयारीला लागते. हृदय जोराने चालते, श्वास भराभर होतो. श्वास फार झाला की बोटांना मुंग्या येतात, गरगरते. आपण ते पाहून आणखी घाबरतो आणि ठोके आणखी वाढतात. स्वस्थ बसलेल्या माणसाचे ठोके मिनिटाला साधारण ६० ते १०० असतात. जिना चढला, राग आला, चहा जास्त झाला की वाढतात. मधेच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटतो, तो निरोगी माणसालाही वाटतो.

त्या बाईंनी मला एका जागी मिनिटभर पळायला लावले. धडधड सुरू झाली तशी मी खुर्ची धरली. त्या म्हणाल्या, "मोजू नका, नुसत्या उभ्या राहा." थोड्या वेळाने ती आपोआप निवली. वर्षभरात प्रथमच ती माझ्या मोजण्यावाचून निवली होती. मग घड्याळ कपाटात गेले. नाडी पाहावीशी वाटली की आधी दहा मिनिटे थांबायचे आणि हातातले काम पुरे करायचे. जिना रोज एक मजला. ह्यांनाही त्यांनी सांगितले, "नाही गं म्हणत बसू नका." आता मी विचारले की हे म्हणतात, "ते बोलून झाले आहे, चल, चहा टाक." पहिल्यांदा फार राग येई. आता हसू येते.

पण मैत्रिणींनो, ऐकून कोणी दुखणे अंगावर काढील तर माझे भाषण फुकट गेले. छातीत दाब, आवळल्यासारखे वाटणे, कळ हाताकडे, पाठीत किंवा जबड्यात जाणे, दरदरून घाम, दम लागणे, मळमळ, असे झाले की सोडा नको, सकाळची वाट नको. १०८ ला फोन करावा, गाडी फुकट येते. बायकांना कधी छातीत न दुखता नुसता दम, मळमळ आणि कमालीचा थकवा येतो; तोही अंगावर काढू नये. नेहमीपेक्षा वेगळे काही झाले, शुद्ध हरपली, तर आधी तपासलेल्या बाईनेही जावे. आणि तपासून झाल्यावरही भीती उरली, तर तिचाही इलाज आहे. १४४१६ या सरकारी नंबरावर मनाच्या त्रासाबद्दल फुकट बोलता येते, आपल्या मराठीतही.

माझी भीती अजून समूळ गेलेली नाही. दिवाळी जवळ आली की डोके वर काढते. पण यंदा मी सज्जनगड चढले, मुलीला बरोबर घेऊन. वर पोचले तेव्हा छाती धडधडत होती. आजूबाजूला पाहिले, तो तुम्ही सगळ्याच जणी कमरेवर हात ठेवून धापा टाकीत होता. मुलगी तेवढी पुढे पळाली होती.

पोहे निवायच्या आत मला आत गेले पाहिजे.