न मोजलेल्या हिरड्या

(म्हसवड येथे बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणावरून)



मला दातांवर बोलायला सांगितलंय, पण मी हिरड्यांवर बोलणार आहे. दात किडला की ठणकतो, रात्रभर झोपू देत नाही, म्हणून घरातले त्याची दखल घेतात. हिरडी गुपचूप खराब होते. आधी दात घासताना रक्त येतं, मग तोंडाला वास, मग हिरडी दातापासून सुटते, आतलं हाड झिजतं. आणि चाळिशीतली बाई एक दिवस अजिबात न किडलेला दात हातात घेऊन येते. ह्यालाच आपण पायरिया म्हणतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे हिरड्यांचा गंभीर आजार जगातल्या साधारण १९ टक्के प्रौढांना आहे, म्हणजे शंभर कोटींहून जास्त माणसांना. आपल्या देशात २००२-०३ साली जी पाहणी झाली, तिच्यात ३५ ते ४४ वयाच्या जवळजवळ ९० टक्के लोकांत हिरड्यांचा काही ना काही आजार सापडला. काही ना काही म्हणजे दातावरचं किटण, रक्त येणं, हे सगळं धरून. दात हलण्यापर्यंत गेलेले त्यातले थोडेच. हे दोन आकडे एकमेकांत मिसळू नका. आमचे डॉक्टरसुद्धा भाषणात मिसळतात.

आता कुणाला जास्त होतो ते बघू. मधुमेह असलेल्यांना हा आजार होण्याचा धोका सुमारे तिप्पट. साखर वाढलेली असली की जखम भरत नाही, जंतूंशी झुंजायची ताकद कमी होते. आणि हे उलटंही चालतं : हिरडीत सतत पू-सूज असेल तर साखर आटोक्यात येत नाही. गोळी चालू, पथ्य चालू, तरी साखर उतरत नसेल, तर एकदा तोंड उघडून बघायला हवं. ते कुणी बघत नाही.

गरोदरपणी अर्ध्याहून जास्त बायकांच्या हिरड्या सुजतात, रक्त येतं. संप्रेरकं बदलल्यामुळे होतं ते. बहुतेकींचं बाळंतपणानंतर कमी होतं, पण आधीच पायरिया असला तर तो वाढतो. ‘पोटुशीनं दाताला हात लावू द्यायचा नाही’ हे सासूबाईंचं म्हणणं मात्र खरं नाही. मधल्या तीन महिन्यांत दात साफ करून घ्यायला काही धोका नसतो. त्यामुळे अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण टळतं असंही कुणी सांगतं. २००६ साली अमेरिकेत मोठी चाचणी झाली, तिच्यात तसं दिसलं नाही. खोटी आशा मी दाखवणार नाही. बाईच्या हिरडीसाठी म्हणून उपचार करावा, एवढं कारण पुरेसं नाही का?

आणि मशेरी. तुम्ही हसताय, म्हणजे कळलं. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या १६-१७ टक्के बायका धुराविना तंबाखू वापरत होत्या. तंबाखू घातलेल्या दंतमंजनावर, टूथपेस्टवर सरकारनं १९९२ साली बंदी आणली. पण तव्यावर भाजलेल्या तंबाखूवर कोण बंदी आणणार? मुंबईत १,२१७ गरोदर बायकांची पाहणी झाली, २००४ साली छापून आली. तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली. त्यातल्या बहुतेकजणी मशेरीच लावत होत्या.

मी पूर्वी बायकांना मशेरीवरून फार बोलायचे. परिणाम इतकाच झाला की त्या यायच्या बंद झाल्या. मग २०१२-१३ च्या दुष्काळात इथं जनावरांची छावणी होती, तेव्हा मी आले होते. गोठ्याशेजारी बसलेली एक बाई, सहा दात हलत होते. भाकरी कालवणात कुस्करून गिळत होती. दवाखान्यात का नाही आलीस म्हटलं, तर म्हणाली, ‘‘बाई, म्हस आजारी पडली की जातो की दवाखान्यात.’’ आणि मशेरीचं विचारलं तर, ‘‘मशेरी लावाय बसलेल्या बाईला कुणी उठवत नाय. दिवसभरात तेवढंच बसणं.’’ ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. भूक मारायला, कोठा साफ व्हायला, आणि दहा मिनिटं बसायला ती मशेरी लावते. नुसतं ‘सोड’ म्हणून कसं भागेल?

त्या दिवशी घरी येऊन मी माझी जुनी रुग्णवही काढली. पुरुषच जास्त. पुरुषांत पायरिया थोडा जास्त असतो हे इतर देशांतही दिसलंय, पण माझ्या वहीतला फरक त्याहून कितीतरी मोठा होता. एवढी वर्षं मी त्याला आजाराचं प्रमाण समजत होते. ते खुर्चीपर्यंत कोण पोचतं त्याचं प्रमाण होतं. ‘रुग्णांच्या गटांत’ किती पायरिया, असं आम्ही लिहितो, पण रुग्ण व्हायलाही सवड, गाडीभाडं आणि घरच्यांची परवानगी लागते.

आता सरकारी केंद्रात तीस वर्षांवरच्यांचा रक्तदाब, साखर आणि कॅन्सरसाठी तोंड तपासतात. त्याच वेळी हिरड्याही बघा, असा आग्रह आपण धरायला हवा. वेगळं यंत्र लागत नाही, बॅटरी आणि आरसा लागतो.

ह्याच म्हसवडमध्ये बायकांना सही येत नाही म्हणून बँकेचा अर्ज आधी फेटाळला गेला होता. त्यांनी तोंडी व्याज करून दाखवलं, आणि १९९७ साली माणदेशी बँक उभी राहिली. तेव्हा मोजदाद तुम्हाला मी शिकवायला नको. गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ता भरताना वहीत तीन खाणी वाढवा : रक्त येतं का, दात हलतो का, साखर आहे का. नाव नको, नुसती खूण. वह्या घेऊन मी आणि तुमच्यातल्या दोघी केंद्रावर जाऊ. आत्ता चहाला थांबाल तेव्हा मी त्या खांबापाशी बॅटरी घेऊन बसते. मशेरीवरून कुणाला बोलणार नाही.