तरुण हाडांचे दुखणे



मी वैद्य नव्हे. सरकारी फायलींत आयुष्य गेलेला मनुष्य. माझ्या पुतण्याची कंबर ३४व्या वर्षी दुखू लागली. सुट्टीत गावी गेल्यावर पाहू, असे म्हणत आम्ही सात महिने शेक आणि पट्टा यांत घालविले. निदान झाले मल्टिपल मायलोमाचे, म्हणजे अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगाचे. हा बहुधा उतारवयाचा रोग. रुग्णांत चाळिशीच्या आतले शंभरांत दोनच, म्हणून तरुणाविषयी शंकाच येत नाही.

वस्तुतः या रोगाची पहिली सविस्तर नोंद, लंडनचे शल्यवैद्य सॅम्युएल सॉली यांनी १८४४ साली प्रसिद्ध केलेली, ३९ वर्षांच्या सारा न्यूबरी या गृहिणीची आहे. पतीने उचलून पलंगावर नेताना तिच्या मांडीचे हाड मोडले. उपचार काय, तर संत्र्याच्या सालीचा अर्क व रेवाचिनी!

तरुणाची कंबरदुखी बहुतेकदा साधीच असते, हेही खरे. परंतु ती हटेना, जोडीस थकवा व रक्तक्षय असेल, तर रक्तातील प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी डॉक्टरांना अवश्य विचारावी. पुतण्यावर त्याच्याच मूलपेशींचे रोपण झाले. रोग समूळ गेला, असे डॉक्टर म्हणत नाहीत. तो मात्र रोज कचेरीत जातो.