वजन उतरल्यानंतरची वर्षं



 आहारतज्ज्ञांच्या या अधिवेशनात वजन कमी करण्याच्या पद्धतींवर चांगले निबंध वाचले गेले, वादही रंगले. मला त्यापुढच्या काळाविषयी बोलायचं आहे. वजन उतरतं, काटा हव्या त्या आकड्यावर येतो, आपण अभिनंदन करतो आणि फाइल मिटते. खरं कठीण काम त्यानंतर सुरू होतं, आणि ते करताना तो माणूस एकटा असतो. वजन उतरवून देणं हे आपण आपलं काम मानलं आणि ते टिकवणं त्याच्या निश्चयावर सोडून दिलं. उतरलेलं वजन टिकवणं हेसुद्धा आपल्याच व्यवसायाचं काम आहे, किंबहुना तेच मुख्य काम आहे, असं माझं मत आहे.

दोन-तीन वर्षांनी असा माणूस पुन्हा दारात येतो तेव्हा तो मान खाली घालून बसतो. ‘मॅडम, माझं मनच खंबीर नाही,’ हे वाक्य तुम्ही सगळ्यांनी ऐकलेलं आहे. त्याला आधी हे सांगितलं पाहिजे की यात मनाच्या कमकुवतपणाचा वाटा फार थोडा आहे.

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी 1944-45 मध्ये 36 निरोगी तरुणांवर प्रयोग केला. युद्धात शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेले हे तरुण स्वेच्छेने पुढे आले होते. सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवलं, त्यांचं वजन सुमारे चतुर्थांशाने घटलं. त्यांना सारखी थंडी वाजू लागली, हालचाल मंदावली, अन्नाखेरीज दुसरा विषय सुचेना, काही जण तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागले. पुढे अन्न मोकळं केल्यावरही पोट भरलं तरी भूक शमेना. तत्त्वासाठी तुरुंगात जायची तयारी असलेली ही माणसं होती. त्यांच्या मनोबलाबद्दल कोण शंका घेईल? ती उपासमार होती आणि ती मुळात सडपातळ मुलं होती, हा फरक मी विसरत नाही. पण स्थूल माणसांतही शरीराचा कल तोच असतो. मेलबर्नच्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवलं की दहा आठवड्यांच्या कडक आहारानंतर भूक वाढवणारं घ्रेलिन वर्षभरानेही चढलेलंच होतं आणि तृप्तीचा निरोप देणारं लेप्टिन उतरलेलंच होतं. संशोधक केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अंदाज असा, की उतरलेल्या दर किलोमागे शरीराचा रोजचा खर्च 20 ते 30 कॅलरींनी घटतो आणि भूक मात्र जवळपास 100 कॅलरींनी वाढते. दहा किलो उतरवलेल्या माणसाची भूक रोज हजारभर कॅलरी जास्त मागते. तो वर्षभर तग धरून राहिला असेल, तर त्याला शिस्तीचे धडे देण्याआधी त्याचं कौतुक करायला हवं.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. पुण्याजवळच्या गावांत जन्मलेल्या बाळांच्या अभ्यासातही हेच दिसलं. वजनाला हलकी असलेली ही बाळं चरबी टिकवून होती, स्नायू मात्र कमी होते. म्हणजे आपल्या माणसाजवळ स्नायूंची पुंजी मुळातच थोडी. महिन्याला सहा-सात किलो उतरवणाऱ्या कडक आहारात त्यातलीही काही जाते, आणि व्यायामाची जोड नसेल तर परत येणाऱ्या वजनात ती भरून निघत नाही. असं दोन-तीनदा झालेली व्यक्ती आपल्याकडे येते तेव्हा तिचं वजन पहिल्याइतकंच असतं, पण शरीर पहिलं राहिलेलं नसतं. म्हणून ‘आधीचा फोटो, नंतरचा फोटो’ ही जाहिरात मला घातक वाटते. ज्या दिवशी नंतरचा फोटो काढला, त्या दिवसापुढचं काहीच त्यात नसतं.

मग टिकवतात कोण आणि कसे? अमेरिकेत 1994 मध्ये रीना विंग आणि जेम्स हिल यांनी वजन टिकवलेल्या माणसांची नोंदवही सुरू केली. किमान साडेतेरा किलो उतरवून वर्षभर टिकवलेल्यांनाच तिच्यात प्रवेश, आणि आजवर दहा हजारांहून अधिक नावं तिच्यात आली. ही आपणहून पुढे आलेली माणसं, बहुतेक गोऱ्या अमेरिकी स्त्रिया, त्यामुळे त्यांच्या सवयी जशाच्या तशा आपल्याला लागू पडतील असं मी म्हणत नाही. वजन उतरवण्याचे त्यांचे मार्ग वेगवेगळे होते. टिकवण्याचे मार्ग मात्र बरेच सारखे निघाले. बहुतेक जण सकाळची न्याहारी चुकवत नव्हते, तीन चतुर्थांश माणसं आठवड्यातून एकदा तरी वजन करत होती, नव्वद टक्के नियमित व्यायाम करत होते आणि तोही सरासरी दिवसाला तासभर. कामाच्या दिवशी आणि सुट्टीच्या दिवशी ज्यांचं खाणं फारसं बदलत नव्हतं, त्यांचं वजन जास्त स्थिर राहिलं. दोन वर्षं टिकवलेल्यांना पुढे ते परत वाढण्याचा धोका बराच कमी होता. ही दोन वर्षं म्हणजेच आपल्या कामाचा खरा काळ.

रोजच्या जेवणापासून सुरुवात करू. वजन उतरवताना आपण ‘डाएटचं जेवण’ वेगळं सांगतो. सूप, सॅलड, ओट्स, एखादं पावडरीचं शेक. घरात पोळी-भाजी-आमटी-भात शिजतो आणि एक माणूस वेगळं ताट घेऊन बसतो. असं तीन महिने चालतं, तीन वर्षं चालत नाही. वजन उतरलं की तो माणूस त्याच स्वयंपाकघरात परत येतो, जिथे काहीच बदललेलं नसतं. म्हणून पहिल्या दिवसापासून घरचंच ताट नीट करायला शिकवावं. भाकरी एक कमी आणि मटकीची किंवा मुगाची उसळ वाटीभर जास्त. कोशिंबीर चमचाभर नको, वाटीभर हवी. वरण पातळ नको, घट्ट हवं. दही-ताक रोज, चालत असेल त्यांना अंडं, किनाऱ्याच्या माणसांना मासे, पण तळून नव्हे. भात बंद करायला मी कुणालाच सांगत नाही. कोकणातल्या आणि गोव्यातल्या माणसाला भात बंद करून दोन वर्षं राहा म्हणणं म्हणजे त्याने ते सोडावं याची तजवीज करणं आहे. भाताची वाटी ठरवून द्यावी आणि ती पाळली जाते का ते पाहावं.

तेलाविषयी थोडं सविस्तर बोलते, कारण माझ्या अनुभवात सर्वांत जास्त गळती इथे होते. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा कॅन संपत असेल, तर माणशी दिवसाला 38 ग्रॅमच्या आसपास तेल जातं. तूप, शेंगदाण्याचं कूट, खोबरं आणि बाहेरचं खाणं त्याहून वेगळं. माणशी दहा ग्रॅम कमी केलं तर रोजच्या 90 कॅलरी कमी होतात आणि आमटीच्या चवीत फरक कळतही नाही. या बदलाला रुग्णाच्या निश्चयाची गरज नाही, महिन्याच्या किराणा यादीत पाचऐवजी साडेतीन लिटर लिहिलं की झालं. म्हणून यादी करणाऱ्या माणसाला सल्ल्याच्या वेळी समोर बसवा. नवऱ्याचं वजन उतरवायचं आणि स्वयंपाक करणाऱ्या बायकोला बाहेर बाकावर बसवायचं, ही पद्धत आपण बंद करू या.

त्या बाईविषयीही बोललं पाहिजे. घरात ती शेवटी जेवते. उरलेली भाजी, मुलाने टाकलेली अर्धी पोळी, पातेल्यातला शेवटचा भात, सारं वाया जाऊ नये म्हणून तिच्या पोटात जातं. तिच्या आहाराच्या नोंदीत हे कधीच येत नाही, कारण ते तिने ‘वाढून घेतलेलं’ नसतं. तिला रागावून काही होत नाही. स्वयंपाक मापाने करणं, उरलं तर दुसऱ्या दिवशीच्या थालीपिठात किंवा फोडणीच्या पोळीत वापरणं आणि सर्वांनी एकत्र जेवायला बसणं, हे त्या घराला सांगावं लागतं. एकत्र जेवायला बसण्याचा सल्ला कुठल्याही पुस्तकातल्या तक्त्यात नसतो, पण मी तो आग्रहाने देते.

व्यायामाबाबत एक गोष्ट स्पष्ट आहे. वजन उतरवण्यात त्याचा वाटा आहाराच्या मानाने लहान असतो, टिकवण्यात मात्र मोठा असतो. आठवड्याला दीडशे मिनिटं प्रकृतीसाठी पुरतात. उतरलेलं वजन धरून ठेवायला बहुतेकांना अडीचशेच्या वर जावं लागतं. आपल्या देशात निम्म्याहून अधिक प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत, हे आयसीएमआरच्या पाहणीत दिसलं आहे. त्यामुळे हा आकडा ऐकून माणूस घाबरतो. त्याला तो दिवसात वाटून द्यावा. सकाळी वीस मिनिटं, जेवणानंतर दहा, बस एक थांबा आधी सोडून दहा. सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारणाऱ्या बायका मला रोज दिसतात, कारण बाहेर फुटपाथ नाही आणि अंधारात सुरक्षित वाटत नाही. ही अडचण खरी आहे, ती आपण सल्ला देताना धरली पाहिजे. आणि चालण्याबरोबर ताकदीचा व्यायाम हवाच. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, जिने, भिंतीला रेटून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या. चाळिशीपुढच्या बाईला हे सांगताना आपल्यातले बरेच जण कचरतात. कचरू नका. तिलाच त्याची सर्वाधिक गरज आहे.

आता सणांकडे येते. अमेरिकेत 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात थँक्सगिव्हिंगपासून नव्या वर्षापर्यंतच्या सहा आठवड्यांत वजन किती वाढतं ते मोजलं. सरासरी वाढ 0.37 किलो, म्हणजे लोकांना वाटत होती त्याहून पुष्कळ कमी. पण ती पुढच्या वसंतापर्यंतही उतरली नाही, आणि आधीच वजन जास्त असलेल्यांत ती अधिक होती. त्यांचे सहा आठवडे. आपलं काय? श्रावण लागला की नारळीभात, मग गौरी-गणपतीचे मोदक, पितृपक्षातली खीर-वडे, नवरात्राचे उपवास, कोजागरीचं दूध, दिवाळीचा फराळ, तुळशीचं लग्न लागलं की केळवणं आणि लग्नाच्या पंगती, संक्रांतीचा तिळगूळ, होळीची पुरणपोळी, पाडव्याचं श्रीखंड, आणि लगेच आमरस. वर्षात बिनसणाचा महिना शोधावा लागतो. अशा वर्षात ‘सणासुदीला सांभाळा’ एवढाच सल्ला देणं म्हणजे काहीच न सांगणं.

माझं निरीक्षण असं की सणाचा दिवस वजन वाढवत नाही, सणाचा डबा वाढवतो. होळीला दोन पुरणपोळ्या तुपाबरोबर खाल्ल्या, बिघडलं काही नाही. दिवाळीचा फराळ मात्र वसुबारसेच्या आधी भरला जातो आणि कार्तिकी एकादशी उलटली तरी डब्याच्या तळाशी शंकरपाळे असतात. येता-जाता मूठभर चिवडा, चहाबरोबर दोन चकल्या, आणि शेजारून आलेली करंजी. त्यात भुकेने खाल्लेलं काहीच नसतं. म्हणून माझा आग्रह मापाचा आहे. फराळ करा, मनासारखा करा, तूप-तेलात काटकसर करून त्याची चव मारू नका; पण पाच दिवसांत संपेल इतकाच करा. अनारसे हवे तर चकली कमी. फराळ जेवणाच्या जागी घ्या, जेवणानंतर नको. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीची भाकरी-भाजी. वजन ‘सोमवारपासून’ सांभाळायचं ठरवलं की चार सोमवार निघून जातात.

उपवासाबद्दल धार्मिक वाद मी घालत नाही. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचं कूट, बटाट्याचे वेफर्स आणि वर बर्फी, असा दिवस गेला तर तो नेहमीच्या दिवसाहून जड जातो, एवढं सांगावं. वऱ्याचे तांदूळ, ताक, राजगिरा, भोपळ्याची भाजी, मोजके दाणे यांवर तोच उपवास नीट होतो, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनाही तो मान्य असतो.

आणि आग्रह. पंगतीत मावशी-काकू मायेने वाढतात, त्यांना ‘डाएट आहे’ म्हटलं की त्या दुखावतात. सुनेला तर सासरी हे म्हणणं फारच अवघड. या प्रसंगाची तयारी आपण सल्ल्याच्या खोलीत करून घ्यावी. पहिल्यांदा वाढतानाच थोडं घ्यायचं, हळू खायचं, ताट रिकामं दिसू द्यायचं नाही, आवडलेल्या पदार्थाचं मोकळेपणी कौतुक करायचं. हे शिकवणं आपल्या पदवीच्या अभ्यासक्रमात नाही, ते असायला हवं.

नव्या औषधांविषयी मोजकंच. 2025 पासून मौंजारो आणि वेगोव्ही आपल्याकडे मिळू लागली. त्यांनी वजन उतरतं, गरजूंना ती मिळावीत. पण सेमाग्लुटाइड, म्हणजे वेगोव्हीतलं औषध, थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचं दोन तृतीयांश परत आल्याचं अभ्यासात नोंदलं आहे. जो डॉक्टर हे औषध सुरू करतो, त्याच्या शेजारी पहिल्या दिवसापासून आहारतज्ज्ञ असला पाहिजे. ती मागणी आपण संघटितपणे करू या.

शेवटी तुमच्याकडे काही मागायचं आहे. शुल्काची रचना बदला. तीन महिन्यांच्या पॅकेजऐवजी दोन वर्षांची सोबत द्या, पहिल्या टप्प्यानंतर महिन्याला एक भेट किंवा एक फोन, कमी पैशात. प्रत्येकाला वजनाची एक मर्यादा ठरवून द्या, उतरलेल्या आकड्यापेक्षा दोन किलो वर काटा गेला की त्याने लाज न बाळगता फोन करावा, आणि त्या फोनवर त्याला एकही टोचणारा शब्द ऐकू येऊ नये. आणि नोंदी ठेवा. आपल्या मराठी घरांत वजन कोण टिकवतं, कशाने टिकवतं, कुठल्या महिन्यात सुटतं, याची माहिती आपल्या हाती नाही, अमेरिकेची आहे. पुढच्या अधिवेशनाला येताना प्रत्येकाने दोन वर्षांपूर्वी वजन उतरवलेल्या आपल्या माणसांना फोन करून, त्यांचं आजचं वजन विचारून, तो कागद बरोबर आणावा. आकडे निराशाजनक असले तरी आणा.