पहाटेची पोटदुखी

परदेशात वैद्यकीय पदवी घेतलेल्या आपल्या मुलामुलींना इथे प्रॅक्टिस करण्याआधी एफएमजीई ही परीक्षा द्यावी लागते. 300 प्रश्न, 300 मिनिटं, उत्तीर्ण व्हायला 150 गुण. म्हणजे एका पेशंटला एक मिनिट. हो, पेशंटच म्हणते मी. प्रश्न वाचताना समोर माणूस दिसला नाही, तर पाठ केलेलं सगळं ऐनवेळी हातातून निसटतं.

एक प्रश्न घेऊ. पावसाळ्याचे दिवस. वीस वर्षांचा शेतमजूर रात्री जमिनीवर झोपला. पहाटे चारला पोटात कळा येऊन जाग आली, एक उलटी झाली. सहाच्या सुमारास पापण्या उचलेनात, आवंढा गिळता येईना. ताप नाही. अंगावर जखम नाही, सूज नाही. रक्त वेळेत गोठतं. निदान काय?

पर्यायांत अपेंडिक्स दिसलं, की पोटदुखीवर बोट ठेवलेला विद्यार्थी तिकडे धावतो. पण मग पापण्यांचं काय? गियाँ-बारे म्हणावं, तर त्यातली कमजोरी बहुधा पायांतून वर चढते आणि वाढायला दिवस घेते. इथे ती डोळ्यांपासून सुरू झाली, तीही दोन तासांत. सर्वांत फसवा पर्याय बॉट्युलिझमचा, कारण त्यातही लकवा वरून खाली उतरतो. तिथे निवाडा हिस्ट्री करते: पावसाळा, रात्र, जमिनीवरचं अंथरूण. हा मण्यारीचा दंश आहे.

‘जखम नाही’ हे वाचून सापाचा पर्याय खोडणारे पुष्कळ भेटतात. मण्यारीचे दात इतके बारीक, की झोपलेल्याला चावा कळत नाही आणि खूणही सापडेलच असं नाही. रक्त गोठतंय म्हणून विष नाही, हाही असाच चुकीचा तर्क. ती चाचणी घोणस आणि फुरशासाठी. मण्यारीचं विष नसांच्या टोकांवर जाऊन बसतं. म्हणून नाग चावल्यावर निओस्टिग्मिनचा जितका उपयोग होतो, तितका इथे होत नाही. अँटी-स्नेक व्हेनम लवकर द्यायचं. आणि ‘आधी काय कराल’ असं विचारलं, पेशंटचा श्वास अपुरा पडत असला, तर आधी श्वास.

या पेशंटची आणखी एक गोष्ट प्रत्येक डॉक्टरला ठाऊक हवी. लकवा पूर्ण झाला, की तो हलत नाही, बाहुल्याही उजेडाला दाद देत नाहीत. बघणाऱ्याला वाटतं, मेंदू गेला. प्रत्यक्षात तो जागा असू शकतो, आपलं बोलणं ऐकत असू शकतो. व्हेंटिलेटरवर काही दिवस सांभाळलेले असे पेशंट स्वतःच्या पायांनी घरी जातात. अशा वेळी घाईने हात टेकणं अक्षम्य आहे.

असाच विचार महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशात केला. भरपूर घाम, थंडगार हातपाय, मग फुप्फुसात पाणी, ही लक्षणं त्यांनी पेशंटच्या उशाशी बसून एकत्र जोडली आणि प्राझोसिन वापरलं. त्यांचा लेख 1986 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. आज विंचवाच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून मुलं प्राझोसिन लिहितात, ते कोकणातल्या त्या पेशंटांमुळे.

तेव्हा मुलांनो, उद्यापासून सराव करताना पर्याय हाताने झाका. प्रश्न वाचा, वय, वेळ, जागा आणि ‘नाही’ म्हटलेली प्रत्येक गोष्ट ध्यानात घ्या, आणि निदान स्वतः बोला. मगच हात उचला. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका.

आणि पावसाळ्यात गावी गेलात, तर घरच्यांना एवढं सांगा: खाटेवर झोपा, मच्छरदाणी लावा, तिची कड अंथरुणाखाली नीट खोचून घ्या. मण्यार आत येत नाही.