भेंडीच्या पुडीपासून कंबरदुखीपर्यंत

आज विद्यापीठातल्या संशोधनावर बोलायचं आहे. विषयाचं नाव ऐकून रेडिओ बंद करू नका, चूल पेटलेली असली तर भाकरी थापत थापत ऐका.

परभणीला आपलं कृषी विद्यापीठ आहे. १८ मे १९७२ ला ते सुरू झालं. २०१३ पासून त्याचं नाव वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. मराठवाड्याचे आठही जिल्हे त्याच्याकडे येतात. गटाच्या बैठकीत मी विचारलं होतं, तिथे आत काय चालतं? उत्तर आलं, "पोरं शेतीचं शिकतात." शिकतात, हे खरंच आहे. पण ते झालं अर्धं काम. उरलेलं अर्धं काम शोधायचं असतं. आणि त्या शोधण्याचा पसारा केवढा आहे, हे आपल्याला कुणी सांगितलेलंच नाही.

भेंडीपासून सुरुवात करू. 'परभणी क्रांती' हे नाव तुमच्यातल्या कितीतरी जणींनी बियाण्याच्या पुडीवर वाचलं असेल. भेंडीला हळद्या पडतो, ते आपण बघतो. पानाच्या शिरा पिवळ्या होतात, मग अख्खं पान पिवळं, भेंडी पांढुरकी आणि निबर. पांढरी माशी हा रोग एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. पूर्वी 'पुसा सावनी' हा वाण सगळीकडे होता. त्यालाही पुढे हळद्या धरू लागला. तेव्हा परभणीच्या विद्यापीठात डॉ. नेरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुसा सावनीचा संकर एका रानटी जातीशी केला, कारण त्या रानटी झाडाला हळद्या होत नव्हता. नुसता संकर करून भागत नाही. रानटी झाडाचे वाईट गुणही सोबत येतात. म्हणून त्या पिकाचं बी धरायचं, परत लावायचं, रोगट झाडं उपटून टाकायची, चांगल्याचं बी ठेवायचं, परत लावायचं. असं पिढ्यान्‌पिढ्या करत १९८० च्या दशकात परभणी क्रांती आली आणि देशभर पोचली.

हे ऐकताना मला नेहमी वाटतं, हे तर आपल्या आज्या करायच्या. चांगलं कणीस बघून ठेवायचं, राखेत घालून उतरंडीत ठेवायचं. फरक एवढाच की विद्यापीठ प्रत्येक झाडाची नोंद ठेवतं, एकच वाण वेगवेगळ्या जमिनीत आणि वेगवेगळ्या पावसात वर्षानुवर्षं लावून बघतं, आणि मग राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांच्या एकत्र बैठकीत त्याची तपासणी होते. राहुरी, अकोला, दापोली आणि परभणी, अशी ती चार. तिथे पास झालं तरच शिफारस. म्हणून एका वाणाला आठ-दहा वर्षं सहज लागतात. आणि एवढं करूनही काम संपत नाही. रोगही बदलतो. आज परभणी क्रांतीवरही ठिकठिकाणी हळद्या दिसतो. म्हणजे शोध पुन्हा सुरू.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, पैशाची आहे. परभणी क्रांती हा सरळ वाण आहे, हायब्रीड नाही. सरळ वाणाचं बी आपण घरी धरून पुढच्या वर्षी पेरू शकतो. हायब्रीडचं बी धरलं तर पुढचं पीक एकसारखं येत नाही, म्हणून ते दरवर्षी विकत घ्यावं लागतं. सोयाबीन तर सरळ वाणाचंच असतं. एमएयूएस ७१ हा परभणीचाच सोयाबीनचा वाण. घरचं सोयाबीन पेरायचं असेल तर ओल्या गोणपाटावर १०० दाणे मोजून ठेवा, गुंडाळा, ओल राखा, आठवडाभरात किती उगवले ते मोजा. ७० किंवा जास्त उगवले तर बी पेरायला चालतं. कमी उगवले तर पेरताना बी वाढवावं लागतं, फारच कमी असतील तर ते बी विकून टाका. ही तपासणी करायला दुकानदार लागत नाही. गटातल्या दहा घरांनी ती केली तर दहा घरांचा बियाण्याचा खर्च वाचतो. दुकानात गेलात तर 'सरळ की हायब्रीड' एवढं तरी विचारा. विचारलं की दुकानदार आधी आपल्याकडे बघतो, मग पिशवीकडे.

आता ज्वारी. 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण २०१८ मध्ये आला. हैदराबादजवळची इक्रिसॅट संस्था आणि परभणीचं विद्यापीठ, दोघांनी मिळून तो आणला. त्याची गोष्ट उताऱ्याची नाही, लोहाची आहे. नेहमीच्या ज्वारीत एका किलोत साधारण ३० मिलिग्रॅम लोह असतं. परभणी शक्तीत साधारण ४५. जस्तही जास्त आहे. हिशोब करा. दिवसाला २०० ग्रॅम पिठाच्या भाकरी खाल्ल्या तर ६ च्या जागी ९ मिलिग्रॅम लोह पोटात जातं. रक्त कमी आहे म्हणून उपकेंद्रातून लाल गोळ्या आणणाऱ्या किती जणी आपल्या गटात आहेत, मोजून बघा. गोळ्या सोडायच्या नाहीत, भाकरी काही औषध नव्हे. पण रोजचं जेवण जरा जास्त कामाचं झालं तर काय वाईट? एक मात्र करा, जेवणाला लागूनच चहा पिऊ नका. चहामुळे लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळा, त्यानं लागतं.

बियाण्याचं संशोधन निदान कुणीतरी बोलतं. ज्याबद्दल कुणीच बोलत नाही ते आपल्या अंगाचं संशोधन. परभणीच्या या विद्यापीठात सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे, पूर्वी त्याला गृहविज्ञान म्हणायचे. लोकांना वाटतं तिथे स्वयंपाक आणि शिवण शिकवतात. तिथे बाईच्या कामाचंही मोजमाप होतं. खुरपताना, कापूस वेचताना, पाणी वाहताना हृदयाचे ठोके किती वाढतात, कंबर किती वेळ वाकलेली राहते, ताकद किती जाते, हे सगळं मोजतात. भेंडी तोडताना हाताला खाज सुटते त्यासाठी हातमोजे, कापूस वेचताना एकाच खांद्यावर भार येऊ नये अशी पिशवी, बसून खुरपण्याऐवजी उभ्यानं चालवायचं हातकोळपं, अशा साध्या साधनांवर काम झालं आहे. मला हे फार मोठं वाटतं. "बायकांचं काम हलकं" म्हणून मजुरी कमी देणाऱ्याला दाखवायला आकडे आहेत.

पण हातमोजे किती जणींच्या हातात आहेत? माझ्या माहितीतल्या गावांत तरी नाहीत. सातबारा घरधन्याच्या नावावर, म्हणून शेतकरी तो. प्रशिक्षणाचा निरोप त्यालाच येतो. तो जाऊन येतो, पिशवी आणि टोपी आणतो, आणि भेंडी तोडायला आपणच जातो.

आणखी एक गोष्ट. विद्यापीठांतली मुलं-मुली गावात येऊन प्रश्न विचारतात. शेती किती, गटात कधी आलात, कर्ज कशाला घेतलं, निर्णय कोण घेतं. आपण पाणी देतो, चहा देतो, तासभर उत्तरं देतो. आमच्या एका गटातली मावशी म्हणाली होती, "माहिती नेली, परत आली नाही." बरोबर बोलली. त्या माहितीचा प्रबंध होतो, मुलीला पदवी मिळते, प्रबंध ग्रंथालयात जातो. कृषी विद्यापीठांचे प्रबंध आता 'कृषिकोष' नावाच्या संगणकावरच्या साठ्यातही ठेवतात, पण बहुतेक इंग्रजीत. तेव्हा यापुढे कुणी प्रश्नावली घेऊन आलं की उत्तरं जरूर द्या, त्या मुलांचं शिक्षण त्यावर आहे. मात्र आधी विचारा: हे कशासाठी? आमची नावं येणार का? आणि झाल्यावर काय निघालं ते मराठीत दोन पानांत गटाला लिहून देशील का? गटाच्या रजिस्टरमध्ये तिचं नाव, विद्यापीठ आणि मार्गदर्शकांचं नाव लिहून घ्या. नको असलेल्या प्रश्नाला उत्तर न देण्याचा आपल्याला हक्क आहे.

आता जायचं कसं ते सांगते. विद्यापीठात दरवर्षी १८ मेला खरिपाचा आणि १७ सप्टेंबरला रब्बीचा शेतकरी मेळावा असतो. तिथे विद्यापीठाचं बियाणं विकायला असतं, शास्त्रज्ञ समोर असतात, 'शेतीभाती' मासिक मिळतं. बियाण्याची रांग लवकर लागते, म्हणून पहाटेची गाडी धरा. गटातून दोघी-तिघी गेल्या तरी चालेल, भाडं गटाच्या खर्चात लिहा. सातबाऱ्याची झेरॉक्स आणि आधार कार्ड सोबत असू द्या, कुठे विचारलंच तर अडायला नको. वाण विचारताना आपली जमीन भारी की हलकी, पाण्याची सोय आहे की नाही, आणि हंगाम कोणता, हे आधी सांगा. परभणी लांब पडत असेल तर जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जा. गटाच्या लेटरहेडवर अर्ज द्या: आम्ही इतक्या जणी आहोत, आम्हाला कापूस वेचणीची पिशवी आणि हातमोजे प्रत्यक्ष दाखवा. एक प्रत स्वतःकडे ठेवा, तिच्यावर पोच घ्या.

पुढच्या वेळी तुरीच्या डाळीवर बोलू. अकोल्याच्या विद्यापीठानं छोटी डाळ मिल तयार केली आहे, ती गटानं घ्यावी का आणि वीजबिल धरून परवडते का, तो हिशोब मांडते. नमस्कार.