पथकाच्या कामाला येणाऱ्यांसाठी
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



शाळेत स्काऊट-गाईडचं पथक पुन्हा सुरू करायचं ठरलं आणि आपल्यातल्या अकरा जणांनी हात वर केले. मी पुण्यात नऊ वर्षं दर रविवारी गाईडचं पथक घेते, म्हणून तुम्ही मला इथे उभं केलंत. आठवडाभर मी कोड लिहिते, भाषणं करत नाही. सांभाळून घ्या.

आधी माझी चूक सांगते, कारण ती तुमच्याही हातून होऊ शकते. चौथ्या वर्षी आम्ही आतकरवाडीच्या वाटेनं सिंहगड चढलो. चार संघ, चोवीस मुली, आम्ही दोघी. तिसऱ्या ताई डबे घेऊन गाडीनं वर आल्या होत्या. रविवार, त्यामुळे गडावर गर्दी म्हणजे विचारू नका. परत निघताना देवटाक्यापाशी मी डोकी मोजली. चोवीस. तेवढ्यात एक संघनायिका आली, "ताई, आमच्यात एक कमी आहे." मी म्हटलं, "अगं, मी आत्ताच मोजलंय." या वाक्याची मला अजून लाज वाटते. गाडीनं आलेल्या ताईंची लेक हौसेनं स्कार्फ घालून मुलींत मिसळली होती. एक जास्त, एक कमी, बेरीज बरोबर! नोंदींची संख्या जुळली म्हणजे नोंदी जुळल्या असं नाही, हे मी ऑफिसात नव्या पोरांना पहिल्याच महिन्यात शिकवते.

मुलगी चाळीस मिनिटांनी सापडली, ताक विकणाऱ्या मावशींच्या शेजारी बसलेली. तिथून हलली नव्हती, कारण तिच्या संघनायिकेनं, तेरा वर्षांच्या पोरीनं, सगळ्यांना बजावलं होतं की चुकामूक झाली तर शेवटचं जिथे एकत्र होतो तिथेच बसायचं. मी ते सांगितलं नव्हतं. संध्याकाळी तिच्या घरी जाऊन मी आईला सगळं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. पुढचे तीन रविवार मुलगी आली नाही. चौथ्या रविवारी आली.

तेव्हापासून आमच्याकडे डोकी कुणी मोजत नाही. प्रत्येक संघनायिका आपल्या संघातली नावं घेते आणि मला येऊन सांगते. सहा-सात जणींत कोण नाही हे तिला न मोजताही कळतं. १९०७ साली ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी वीसेक मुलांचं पहिलं शिबिर घेतलं, तेव्हाही मुलांचे चार छोटे गट पाडले होते. म्हणजे युक्ती जुनीच. मला ती उशिरा कळली.

आता, संघनायकाला पद दिलं की कामही द्या. आपण मोठी माणसं काय करतो, फीत लावतो आणि सूचना मात्र आपणच देत बसतो. शिट्टीचा एक संकेत आहे, तीन आखूड आणि एक लांब, म्हणजे फक्त संघनायकांनी यायचं. तो वापरा. चौघांना नीट सांगा आणि बाजूला व्हा. बाजूला होणं फार जड जातं, विशेषतः आपल्यासारख्या आईबापांना. पोरं तंबूची दोरी चुकीची बांधतात, हात शिवशिवतात. बांधू दे. तंबू पडला की क्लोव्ह हिच आपोआप शिकतात. आठवीच्या शिबिरात आपली खिचडी करपली होती, आठवतं? बाई, तुम्ही आमच्याच पंगतीत बसून ती खाल्लीत आणि एक शब्दही बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी आच कमी ठेवायला आम्हाला कुणी सांगावं लागलं नाही.

पण खिचडी करपू देणं वेगळं आणि चुलीपाशी ओढणी लोंबू देणं वेगळं. आग, पाणी, कडा आणि रस्ता, इथे लोकशाही नाही. तिथे मोठ्यांचाच शब्द. दम्याचा पंप कुणाला लागतो, शेंगदाणे कुणाला चालत नाहीत, पालकांचे नंबर, हे सगळं कागदावर लिहून दोघांच्या खिशात ठेवा. गडावर रेंज नसते आणि फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. आणि एकटी मोठी व्यक्ती आणि एकटं मूल, असं बंद खोलीत, तंबूत, गाडीत कधीही नको. आपण एकमेकांना पहिलीपासून ओळखतो, मग हे कशाला, असं मनात येईल. तरीही नको. काही वावगं कानावर आलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे. 'आपसात मिटवू' हा पर्यायच नाही.

प्रथम सोपान, द्वितीय सोपान यांच्या चाचण्या वेळेवर होतीलच. पण बॅजांच्या मागे लागून पथकाची शिकवणी करू नका. पोरांना त्या आधीच पुष्कळ आहेत.

बेसिक कोर्स मात्र सगळ्यांनी करा. मी इंजिनियर, मला काय शिकवणार, असं मलाही वाटलं होतं. पहिल्याच दिवशी ध्वज उलटा बांधला.

चहाच्या टेबलावर वही ठेवली आहे. महिन्यातले दोन शनिवार खरंच जमणार असतील त्यांनीच नाव लिहा. जमणार नसेल तर शिबिराचे तंबू द्या, तेही हवे आहेत. आणि बाई, तुमची ती पितळी शिट्टी अजून असेल तर आम्हाला द्याल का?